कानबाईचा गंधार आणि गिटारचे पडदे

हे प्रकरण एका गिटारवादकाचं आहे. मूळ अमळनेर तालुक्यातल्या पांझरेकाठच्या एका गावचा, आता राहायला धुळ्यात, वय पन्नाशीच्या आसपास. गेली बरीच वर्षं त्याने स्वतःला अहिराणी लोकगीतांना वाहून घेतलं आहे. कानबाई देवीची गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी, जात्यावरच्या ओव्या हेच त्याचं विश्व. त्याने गावातल्या अकरा बायकांना बरोबर घेऊन या गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं, साथीला स्वतः गिटार वाजवली आणि ते इंटरनेटवर प्रसिद्ध केलं. काही महिन्यांनी त्याच गावच्या, पण सुरतेत उधन्याला वाढलेल्या एका मुलीने आपल्या आजीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ टाकला. आजी कानबाईचं गाणं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी मुलीला सूचना आली, की या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क आहे. हक्कदार म्हणून नाव या गिटारवाल्याचं होतं.

मी खान्देशातली लोकगीतं जमवण्याचं काम करतो. त्या वादकाला जवळून ओळखतो, मुद्रणाच्या वेळी आणि नंतरच्या बैठकीतही होतो. त्याचं, बायकांचं किंवा गावाचं नाव देत नाही. त्यांनी तसं सांगितलं आहे आणि समजून घ्यायला नावांची गरजही पडणार नाही. पण प्रकरण सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. आज खान्देशात प्रत्येक गावात कुणा ना कुणाकडे माइक आहे, आणि आजीची गाणी जपायची इच्छाही आहे. त्या इच्छेतून हेच पुन्हा घडू शकतं.

गिटार आली कुठून

त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. धुळ्याला काकांकडे शिकायला राहिला तेव्हा गल्लीतल्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलची कांडी धरायची आणि तारेवरून घसरवत सिनेमाची गाणी वाजवायची. त्या काळात छोट्या शहरांमधल्या गणपतीत हा आवाज हमखास ऐकू यायचा. त्याच प्रकारच्या गिटारवर ब्रिजभूषण काबरा यांनी राग वाजवले, १९६७च्या सुमारास ते घराघरात पोचले. कांडी तारेवर कुठेही थांबू शकते, मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं) येते, म्हणूनच हे शक्य झालं. आमच्या वादकाने सुरुवात या गिटारपासून केली.

मग ऑर्केस्ट्रांना कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) वाजवणारा हवा झाला. तो स्पॅनिश गिटारकडे वळला. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे आले, सूर पक्के झाले, मींड गेली. हळदीचे कार्यक्रम, नवरात्रात गरबा, आठवड्यातून चार दिवस मुलांच्या शिकवण्या आणि मधूनमधून अहिराणी गाण्यांच्या स्टुडिओत वादन, असा त्याचा प्रपंच चालतो. हळदीत वाजणाऱ्या अहिराणी गाण्यांना तो नावं ठेवत नाही. त्यांनीच माझं घर चालवलं, म्हणतो. त्या गाण्यांमुळे सुरत-पुण्यात वाढलेली पोरं अहिराणी बोलायला लाजेनाशी झाली, हेही खरं आहे आणि मला ते मोठं वाटतं.

लोकगीतांकडे तो वळला तो मात्र कानबाईमुळे. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाची देवी, नथ, दागिने, चौरंगाभोवती मांडव. रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे भाऊबंदकी पांगली असेल तिथून माणसं या दोन दिवसांसाठी घरी येतात. एका वर्षी जागरणाला त्याने सहज गिटार सोबत नेली.

जागरणाच्या रात्री गिटारचं काय झालं

पहिल्या गाण्याला त्याने कॉर्ड धरली आणि बायका थबकल्या. कुणी बोललं नाही. गाणं पुढे गेलं, पण ज्या बाईने ते उचललं होतं तिचा आवाज आखडला. दुसऱ्या गाण्यालाही तेच. तिसऱ्याला त्याने गिटार खाली ठेवली आणि टाळ्या धरल्या.

झालं काय, हे शोधायला त्याने पुढे बराच वेळ घातला. ते नीट सांगणं भाग आहे, कारण साऱ्या प्रकरणाची मेख तिथे आहे.

ही गाणी चार-पाच सुरांत फिरतात. षड्ज (सा) आणि मध्यम-पंचम (म, प) पक्के असतात. गंधार (ग) मात्र हलता असतो. बाई वर चढताना तो थोडा उंच लावते, उतरताना खाली आणते, लांबवायचा असेल तर झुलवते. गिटारचे पडदे सप्तकाचे १२ सारखे भाग करून बसवलेले असतात आणि प्रत्येक भाग १०० सेंटचा. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. म्हणजे गिटारचा कोमल गंधार षड्जापासून बरोबर ३०० सेंटवर आणि शुद्ध गंधार ४०० वर. तानपुऱ्याच्या सुरातून कानाला जो शुद्ध गंधार गोड लागतो तो ३८६ च्या जवळ असतो, कोमल ३१६ च्या. या बायकांचा गंधार त्या दोहोंच्या मधे वावरतो आणि एका जागी बसत नाही. वादकाने मेजर कॉर्ड धरली की गंधार ४०० वर खिळतो, मायनर धरली की ३०० वर. गाणारीच्या गळ्यात जे अजून ठरलेलं नसतं ते तो तिच्या वतीने ठरवून मोकळा होतो. मेजर धरली तर गाणं एकदम हसरं होतं, मायनर धरली तर रडवं. कानबाईचं गाणं यांपैकी काहीच नसतं.

या अडचणीवर देशात पूर्वी मोठा वाद झालेला आहे. हार्मोनियमचे सूर असेच बांधलेले, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये उठली. तोवर आणि नंतरही भजनी मंडळांत, तमाशात, कीर्तनात हार्मोनियम आपली झाली. तेव्हा गिटार परकी म्हणून तिला हाकलावं असं मला मुळीच वाटत नाही. वाद्य कुठलं आहे यापेक्षा ते गाण्यात किती बोलतं, हे पाहावं.

वादकाने तोडगा काढला तो दोन ठिकाणांहून. एक, तुणतुणं. गोंधळात, तमाशात तुणतुण्याची एक तार सतत वाजत राहते, षड्ज देते, बाकी गाणाऱ्यावर सोडते. दुसरं, ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहॅम यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली एक जुळणी. मोरोक्कोतल्या ऊद या तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून त्यांनी ती बसवली, असं सांगतात. नेहमीच्या गिटारच्या तीन तारा सैल करून डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायच्या. आपल्या भाषेत सा-प-सा-म-प-सा. सहा मोकळ्या तारांत गंधार कुठेच नाही! तारा मोकळ्या छेडा, मांडव उभा राहतो आणि आत गंधाराला हिंडायला पूर्ण जागा उरते.

आणखी एक अडचण पट्टीची होती. बायका हार्मोनियमच्या पांढरी पाचमध्ये सुरुवात करायच्या आणि मध्यरात्रीपर्यंत काळी चार ओलांडून पांढरी सहापर्यंत पोचायच्या. रात्र चढते तशी पट्टी चढते, हे जागरणात सगळीकडे होतं. गिटारला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी बदलता येते. तो पाचव्या पडद्यावर कॅपो लावून बसायचा आणि पट्टी चढली की दोन गाण्यांच्या मधल्या हसण्याबोलण्यात गुपचूप सहाव्यावर, मग सातव्यावर सरकवायचा. पट्टी दोन पडद्यांच्या मधे अडकली असेल तर फक्त खर्जाच्या तारा तळव्याने दाबून ठेका धरायचा, सूर दाखवायचाच नाही. हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आहे. डोळे गाणारीच्या ओठांवर आणि डावा हात कॅपोवर. इतका सावध साथीदार मी दुसरा पाहिलेला नाही.

लय तर त्याने आखाजीच्या झोक्याकडून शिकली. मुद्रणाच्या वेळी स्टुडिओतल्या मुलाने कानात टिकटिक लावायला सांगितलं, म्हणजे पुढे कापाकापी सोपी. बायकांना ते जमेना. झोक्यावरचं गाणं मोजून म्हटलेलं नसतं, ते झोक्याबरोबर जातं. चार मीटर दोराच्या झोक्याला एक येरझार पुरी करायला साधारण ४ सेकंद लागतात, मग वर कुणीही बसो. दोर लांब तर गाणं संथ, आखूड तर जलद. आणि ओळ संपली तरी झोका परत येईपर्यंत बाई शेवटचा स्वर धरून थांबते. ते थांबणं आठ मात्रांत बसत नाही. शेवटी मुद्रण गावातच केलं. वाड्याच्या मागच्या निंबाला झोका बांधला, एक नात वर बसवली आणि बायका तिच्याकडे बघून गायल्या. गिटारही तिच्याकडे बघूनच वाजली.

त्याआधीच्या एका तालमीत, गिटार जरा पुढे धावतेय असं वाटल्यावर, सगळ्यांत थोरल्या आजीने त्याला सांगितलं होतं, “भाऊ, तू आमना मांगे चाल. पुढे नको पयू.”

सूचना आली

मुद्रण उत्तम झालं होतं. त्याने ते एका वितरण कंपनीमार्फत प्रसिद्ध केलं. कंपनीच्या अर्जावर गायक, वादक, रचनाकार अशा रकान्यांत काय भरायचं हे त्याला कळेना. रचनाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलं, कलाकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव, सोबत ‘आणि मंडळी’. पुढे एक खूण करायची होती, की या मुद्रणाचे संपूर्ण हक्क माझ्याकडे आहेत आणि कुणी हे वापरलं तर शोधून काढावं. ती खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. त्याने केली.

ही शोधणारी यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक मुद्रणाचा एक ध्वनिठसा साठवला जातो. नवा व्हिडिओ आला की त्याचा ठसा जुन्यांशी ताडून पाहतात. केवळ तेच मुद्रण नव्हे, चाल जुळली तरी ती पकडू शकते. एखादी चाल तीनशे घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. त्याला पहिला ठसा ज्याचा, तो मालक.

उधन्याच्या मुलीने त्याला फोन केला. रागाने नाही, गोंधळून. “काका, आमच्या आजीचं गाणं तुमच्या नावावर कसं?” तो आधी हसला, मग त्याने स्क्रीनवरचा फोटो मागवला, आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. बायकांनी त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. मात्र पुढच्या कानबाईला, तो जागरणाला येऊन बसल्यावर, गाणी लवकर संपली.

कायद्याचं बघायला गेलं तर त्याने गुन्हा केलेला नव्हता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पारंपरिक चालीवर कुणाचाच हक्क नसतो, पण तिच्या विशिष्ट मुद्रणावर निर्मात्याचा हक्क ६० वर्षं राहतो. ते मुद्रण त्याचंच होतं. दुसरी बाजू त्याला माहीत नव्हती, गावात तर कुणालाच नव्हती. त्याच कायद्याने गाणाऱ्यालाही हक्क दिलेला आहे. सादरीकरण करणाऱ्याचा हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२च्या दुरुस्तीने त्यात मानधनाचा वाटा आला आणि गायक म्हणून नाव लागण्याचा अधिकारही आला. म्हणजे त्या अकरा जणींपैकी प्रत्येकीचं नाव लागायला हवं होतं. ‘मंडळी’ या शब्दात अकरा माणसं गडप झाली होती.

माझ्या मते कॉर्ड आणि ती खूण यांत फरक नाही. जे गाणं प्रत्येक गळ्यात थोडं वेगळं असतं, ते दोन्हींनी एका जागी खिळवलं. गळ्याच्या बाबतीत हा माणूस इतका जपून वागला, की गंधार टाळण्यासाठी त्याने सगळी गिटार नव्याने जुळवली. कागदाच्या बाबतीत मात्र त्याला तसा तोडगा सुचला नाही, कारण कागद वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे गिटारचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. अर्जातला रकाना कसा भरावा हे शिकवणारा एकही वर्ग मला दिसत नाही.

ओट्यावरची बैठक

त्याने पहिलं काम केलं ते दावा मागे घेण्याचं. कंपनीला कळवून शोधयंत्रणेतून ठसा काढून घेतला. मुलीचा व्हिडिओ मोकळा झाला. त्यावर न थांबता त्याला सगळं मुद्रणच पुसून टाकायचं होतं. मी त्याला विरोध केला. इतकं सच्चं मुद्रण खान्देशात फार थोडं आहे, आणि पुसल्याने अकरा जणींचं नाव लागणार नव्हतंच. तो म्हणाला, हे मी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही. त्याचं बरोबर होतं. मग आखाजीला सगळ्या माहेरवाशिणी जमल्या तेव्हा ओट्यावर बसून बोलायचं ठरलं. पुरुष मंडळी पत्त्यांत रमली होती, त्यामुळे बोलणं निवांत झालं.

थोरल्या आजीला आम्ही सगळं समजावून सांगितलं. हक्क, नाव, पैसे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गानं आमनं शे, पन आमनंच शे आसं बी नई.” मग पैशाचं काय करायचं, नावाचं काय करायचं, यावर बराच वेळ घोळ झाला. एकीचं म्हणणं, कानबाईच्या मांडवाला द्यावेत. दुसरीचं म्हणणं, माझी सून विचारते की तुम्हाला काय मिळालं, तिला मी काय सांगू?

वाट काढली ती एका पाटकऱ्याच्या विधवेने. पांझरेवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाण्यावर कुणा एकाची मालकी नसते, पण पाळी ठरलेली असते आणि पाटकरी ती राखतो. तिने सांगितलं, पाणी नदीचं, पण आपल्या पाळीला आलेलं पाणी आपलंच. गाणं तसंच धरा. गाणं कुणाचंच नाही. त्या दिवशी त्या झोक्याखाली जे गायलं ते मात्र आपलं. मला हे कुठल्याही वकिलाने सांगितलं असतं त्याहून स्वच्छ वाटलं, आणि कायदाही बरोबर हेच म्हणतो.

त्यावर ठरलं ते असं. मुद्रण राहू द्यायचं, पण नव्याने नोंदवायचं. अकराही जणींची नावं गायिका म्हणून आधी, प्रत्येक गाण्यात ज्या बाईने गाणं उचललं तिचं नाव सर्वांत वर. गिटारवाल्याचं नाव शेवटी, साथीदार म्हणून. चालीवर किंवा मुद्रणावर शोधाची खूण पुन्हा कधी करायची नाही. जे काही उत्पन्न येईल त्याचे बारा सारखे वाटे. संमतीपत्र मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांच्या अंगठ्याशेजारी त्यांच्याच लेकी-सुनांच्या सह्या घेतल्या.

एक गोष्ट बायकांनी आपण होऊन पुढे आणली, आणि तिथे मी व वादक दोघेही गप्प बसून ऐकत राहिलो. विसर्जनाच्या वेळची दोन गाणी आणि रोटाच्या वेळी म्हणायचं एक, ही मुद्रणातून काढा, म्हणाल्या. ती कानबाई समोर असतानाच म्हणायची असतात. कुणी मंगळवारी दुपारी रिक्षात बसून ऐकेल, तर ते बरं दिसत नाही. वादकाला त्यातलं एक गाणं सर्वांत आवडतं होतं. गिटार त्याच गाण्यात सर्वांत चांगली लागली होती, हे मीही सांगू शकतो. त्याने विचारलंही नाही की ठेवता येईल का. त्याच संध्याकाळी तिन्ही काढली.

आता काय चाललंय

मुद्रण नव्या नावांनी पुन्हा प्रसिद्ध झालं. उत्पन्न नगण्य आहे, तरी थोरल्या आजीच्या वाट्याचे पहिले पैसे तिने नातीला बांगड्यांसाठी दिले आणि कुणालाही विचारलं की सांगते, गाण्याचे आहेत म्हणून. पुढच्या कानबाईला वादकाला मांडवात बोलावणं आलं. गिटार घेऊन ये, असं खास सांगून. त्याने ती सा-प-सा-म-प-सा जुळवूनच नेली.

शिकवण्यांत आता तो मुलांना पहिल्या महिन्यात कॉर्ड शिकवत नाही. आधी एका तारेवर आपल्या आजीचं एखादं गाणं वाजवून आणायला सांगतो, आणि आजीला ते पटलं का ते विचारून यायला सांगतो. काही पालकांना हे पटत नाही, दोघातिघांनी मुलं काढून घेतली. त्याच्या मिळकतीत तेवढी खोट आली. हळदीचे कार्यक्रम त्याने वाढवून ती भरून काढली.

एक प्रश्न उरला आहे. अकरांपैकी एक बाई मध्यंतरी वारली. तिचा वाटा कायद्याने वारसांना जातो. लेकीने सांगितलं, तो कानबाईच्या मांडवाला द्या. मुलगा म्हणतो, घरात द्या. दुसरीकडे उधन्याच्या बायकांनी तीच गाणी आपल्या पट्टीत, आपल्या चालीने म्हणून पाठवली आहेत आणि त्यांनाही गिटारची साथ हवी आहे. त्यांचं मुद्रण वेगळं नोंदवायचं की याच्यात जोडायचं, आणि जोडलं तर वाटे किती, हे येत्या आखाजीला सगळ्या माहेरी आल्यावर ओट्यावर ठरेल. उधन्याच्या बायकांचा गंधार गावाकडच्यापेक्षा अंमळ उंच आहे. त्यासाठी गिटारमध्ये काही बदलावं लागणार नाही, असं वादकाने मला फोनवर सांगितलं.